विग्रह

बॅरो-इन-फर्नेस. रात्रपाळी.
गोदीच्या पांढऱ्या शेडमध्ये पाणबुडीच्या पोटाचं एक कडं
आडवं पडलंय, आणि मी त्याचे सांधे तपासतोय.
उजेडावर एक्स-रे धरायचा, डोळे बारीक करायचे.
मोहरीएवढा बुडबुडा. केसाएवढी चीर.
गिलेस्पी वेल्डर म्हणतो, तुझ्या डोळ्यात दया नाही.
नाहीच. इथे दया केली
तर शंभरावर माणसं समुद्राच्या तळाशी.

हे पोट कशासाठी, ते कुणी मला विचारत नाही.
मी मराठीत विचारतो, म्हणजे कुणालाच ऐकू जात नाही.

शनिवारी टाऊन हॉलसमोर मिसेस पोस्लथ्वेट उभ्या असतात,
चौऱ्याऐंशी वर्षं, हातात पाटी:
एकही युद्ध न्याय्य नसतं.
वडिलांनी बंदूक नाकारली होती, तुरुंगात गेले;
सुटून आले तर बेकरीवाला पाव देईना.
त्याच युद्धात त्यांची आत्या
जेवणाच्या टेबलाखाली लपली आणि तिथेच राहिली.
दोन्ही गोष्टी त्या एकाच सुरात सांगतात.
मी कुठे काम करतो, त्यांना माहीत आहे.
मी चहा नेऊन देतो. त्या माझ्या पाठदुखीची चौकशी करतात.

परवा सोलोमिया थांबली. लाँड्रीत काम करते,
भाऊ खंदकात, खारकीवच्या पुढे कुठेतरी.
पाटी वाचली. पुन्हा वाचली.
म्हणाली, आमच्या बटाट्याच्या शेतात रणगाडा उभा होता.
त्याला काय दाखवायचं होतं माझ्या भावानं? ही पाटी?

वारा आयरिश समुद्रावरून येत होता, मीठ घेऊन.
मिसेस पोस्लथ्वेट बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, मला माहीत नाही, बाळ.
पाटी खाली ठेवली नाही त्यांनी.
फक्त थोडी तिरकी केली,
सोलोमियाला वारा लागणार नाही अशी.

आठवीत खांबेटे सरांनी मला उभं केलं होतं:
धर्मयुद्ध. विग्रह कर.
धर्मासाठी युद्ध, सर.
हं. किंवा धर्मानं केलेलं. कुठलं?
मी गप्प. तेव्हा मागच्या बाकावरून
शिकलगारांचा इलाही, ज्याच्या घरी
गावच्या सगळ्या विळ्या-कोयत्यांना धार लागायची, म्हणाला,
धर्म आणि युद्ध, सर. द्वंद्व.
वर्ग हसला. सर हसले नाहीत.
फळा न पुसताच तास संपवला.

पुढे कधीतरी कळलं, विग्रह म्हणजे लढाईसुद्धा.
आणि संधी म्हणजे तह.
भाषेनं आधीच सगळं सांधून ठेवलेलं,
आम्ही दहा मार्कांसाठी सोडवत बसलो.

सोलोमियाच्या भावाची बंदूक माझ्यापुढे आली असती
तर नळी तपासून, तेल घालून परत दिली असती,
हात कापला नसता माझा, असं वाटतं.
पण या पोटातून जे सुटेल
त्याला रणगाडा कुठला, बटाटा कुठला,
टेबलाखालची आत्या कुठली, काही कळणार नाही.
ते कधीच सुटू नये म्हणून तर बांधतोय, असं साहेब म्हणतात.
साहेब चांगला माणूस आहे. मुलीला पोहायला शिकवतो.

माझ्या फॉर्मवर दोनच चौकोन: पास, नापास.

पहाटे चारला सापडला.
सांध्याच्या आत, खोल, एक बुडबुडा,
कुणाचा तरी रोखलेला श्वास वाटावा असा.
खडूनं गोल केला. गिलेस्पीनं शिवी हासडली.
आता घासायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा एक्स-रे,
काम सहा तास मागे.

मला बरं वाटलं. सहा तास तर सहा तास.
वॉल्नीच्या पुलावर सायकल आली
तेव्हा लक्षात आलं,
सांधा आता आधीपेक्षा पक्का होणार आहे.